फांदीवरच्या खारीचा फोटो

शालनमावशींच्या हॉलमध्ये भिंतीवर दोन फोटो आहेत आणि दोन्हींना चंदनाचे हार आहेत. एक त्यांच्या यजमानांचा, कोंडाजी पठाऱ्यांचा. फेटा, मिशा, मागे निळा पडदा. दुसरा काळापांढरा, वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा, आणि त्यात माणसाचा चेहराच नाही. प्लायवूडच्या झाडाच्या फांदीवर पाच मुलं बसली आहेत, पाचही जणांनी प्राण्यांचे मुखवटे घातलेत. माकड, पोपट, घुबड, सरडा आणि मधोमध खार. खारीच्या डाव्या हातात खडूचा तुकडा आहे. ती उजव्या कोपऱ्यात ब्रशने रंगवलेल्या अक्षरांकडे बघते आहे: ‘फांदीवरची मंडळी, दर रविवारी सकाळी’.

चऱ्होलीत मावशींच्या चार मजली इमारतीत वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. मूळची परभणीची. एमएस्सी केमिस्ट्री करून चाकणला एका तपासणी लॅबमध्ये लागले. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांचे ओतीव तुकडे येतात आणि आम्ही त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती ते सांगतो. नमुना क्रमांक, तारीख आणि सही असल्याशिवाय आमच्याकडून कागद बाहेर जात नाही. या सवयीमुळेच असेल, पहिल्या महिन्यात भाडं द्यायला खाली गेले तेव्हा न राहवून विचारलं, “मावशी, या प्राण्यांच्या फोटोला हार का?”

“प्राणी कुठं? ती खार माझी जयू हाय.”

मग त्यांनी मला बसवून घेतलं. जयमाला त्यांची थोरली. चिंचवडच्या नीलाताई मुलांची नाटकं बसवायच्या. टीव्हीसाठी त्यांनी तेरा भागांचा कार्यक्रम करायला घेतला आणि मुलं निवडायला चऱ्होलीच्या शाळेत आल्या. तिसरीतली जयू वर्गाच्या खिडकीच्या गजावर चढून बसली होती. नीलाताई म्हणाल्या, खार मिळाली.

“मास्तरांनी हातावर मारून मारून तिला उजव्या हातानं लिवाया लावलं व्हतं,” मावशी म्हणाल्या. “पर मुखवटा चढवला की पोरगी खडू डाव्या हातात घ्यायची. तितं कोण मारतंय? ह्यो बघ, डावा हात. हजारात वळखीन मी.”

नऊ भागांचं चित्रीकरण झालं आणि जयूला ताप आला. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत ती गेली. कार्यक्रम टीव्हीवर सुरू झाला तो त्यानंतर.

“नऊ रविवार मी सरपंचाच्या वाड्यावर जाऊन टीव्हीसमोर बसले. आवाज तिचा, उड्या तिच्या. बायका म्हणायच्या, शालन, नको बघूस. धाव्या रविवारी खारीची चाल बदलली. मी उठून आले.”

त्या कार्यक्रमाच्या फिती नीलाताईंच्या खोलीत ओल येऊन बुरशीने गेल्या. आता नीलाताईही नाहीत. शाळेत वर्गाचा फोटो निघाला त्या दिवशी जयू चित्रीकरणाला गेलेली. म्हणून हा एवढा एकच फोटो.

माझा एक छंद आहे. इंटरनेटवर एक मुक्त चित्रसंग्रह आहे, त्यात मी फोटो चढवते: इंद्रायणीवरचे जुने पूल, आळंदीच्या लाकडी वीणा करणाऱ्यांची हत्यारं, असलं. कुणीही ते बघू शकतं, वापरू शकतं. प्रत्येक फोटोखाली तो कुणी काढला, कधी काढला, हक्क कुणाचा, हे लिहावं लागतं. एकदा मावशींना मी मोबाइलवर ते दाखवलं. त्यांनी वीणा कोरायची पटाशी बोटांनी मोठी करून पाहिली आणि म्हणाल्या, “मग हिला टाक की.”

“कुणाला?”

“जयूला. आन खाली नाव लिही. जयमाला कोंडाजी पठारे.” मोबाइल खाली ठेवून त्या म्हणाल्या, “शाळा पाडली, तितलं रजिस्टर कुठं गेलं कुणाला ठावं. रेशनकार्डावर चढवायचं राह्यलं व्हतं. टीव्हीवर नावं यायची ती नीलाबाईंची आन त्या पेटीवाल्याची. पोरीचं नाव जगात कुठंबी लिवलेलं न्हाई, स्वप्नाली. मी मेले की संपली ती.”

मी फोटो काचेसकट भिंतीवरून उतरवला, पुढून स्कॅन केला आणि चढवला. खाली नाव लिहिलं. हक्काच्या रकान्यात ‘जुना प्रसिद्धी फोटो, मालक अज्ञात, मुदत संपलेली’ असा पर्याय निवडला. तपासलं नाही. लॅबमध्ये असं केलं असतं तर मला नोटीस मिळाली असती.

त्या दिवसापासून संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मावशी मुलाच्या हातातून मोबाइल काढून घ्यायच्या. रोहिदासदादा प्लॉटची कामं करतात, त्यांना सारखे फोन येतात.

“आई, गिऱ्हाईक हाय लायनीवर!”

“आसूं दे. तुझं गिऱ्हाईक पळून जात न्हाई. तुझ्या भैनीला बघू दे.”

“भिंतीवर हाय की ती.”

“भिंतीवर मला एकटीलाच दिसती.”

तीन आठवड्यांनी मला संदेश आला. पाठवणारा धम्मरत्न, नागपूरचा, त्या संग्रहावर फोटोंचे परवाने तपासण्याचं काम हौसेने करतो. मी फोन केला.

“ताई, जुना असणं हा परवाना नाही,” तो म्हणाला. “फोटो सत्त्याऐंशीच्या आसपासचा दिसतो. आपल्याकडे हक्काची मुदत साठ वर्षांची आहे. अजून संपायची आहे.”

“पण तो प्रसिद्धीसाठी वाटलेला फोटो आहे. लोकांनी बघावा म्हणूनच काढलेला.”

“लग्नाची पत्रिका गावभर वाटतो आपण. म्हणून घर गावाच्या नावावर होतं का?”

मला हसू आलं, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याने नीट समजावलं. फोटो ज्याने काढला त्याचा हक्क. पण कुणी मोबदला देऊन काढून घेतला असेल, तर हक्क काढून घेणाऱ्याचा. म्हणजे फोटोग्राफर कोण, सांगितलं कुणी, मोबदला दिला होता का आणि तारीख काय, एवढं लागेल. आणि ज्याचा हक्क त्याचं परवानगीपत्र. “दोन आठवडे थांबतो. नाहीतर काढून टाकावा लागेल. मुलीचं नाव वाचलं मी. वाईट वाटतं ताई, पण नियम सगळ्यांना सारखा.”

मावशींना मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “म्हंजे तो फोटोवाला सापडला तर ऱ्हाईल?”

“राहील.”

त्यांनी स्वतःच फ्रेमच्या मागचे खिळे उलथन्याने उचकटले. फोटोच्या पाठीवर जांभळा शिक्का होता: ‘ज्योती फोटो स्टुडिओ, काळेवाडी’. आणि पेन्सिलीने लिहिलेला आकडा, ४१२. मी पुढून स्कॅन केला होता. पाठ बघायचं सुचलंच नव्हतं.

चाकणला आम्हाला गुरुवारी सुट्टी असते. त्या गुरुवारी मी काळेवाडीला गेले. स्टुडिओ होता, पण आता तिथे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो. ज्योतीराम म्हणून सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आधारकार्ड लॅमिनेट करत होते. बार्शीहून एकोणऐंशी साली कंपनीत नोकरीला आले, शिफ्ट संपल्यावर फोटो काढायचे, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

मी त्यांच्यापुढे मोबाइल धरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो नाकाजवळ नेला.

“आयला. खार.” त्यांचा चेहराच बदलला. “हे कुठं सापडलं गं तुला? माझाच की हा. त्या झाडाला खिळे मीच मारलेत.”

“नीलाताईंनी काढायला सांगितला होता? मोबदला काय दिला?”

“मोबदला?” ते हसले. “माझं पोरगं त्यात माकड होतं, बाळ. मी काय मागणार? चहा दिला बाईंनी, आणि वडे. आता चहा म्हणजे मोबदला होतो का, ते तुझ्या कायद्याला विचार.”

“चहा किती कप?”

“दोन.”

“मग चालेल,” मी म्हणाले. आम्ही दोघं हसलो. हक्क त्यांचा होता आणि परवानगी द्यायला ते एका पायावर तयार होते. तारीख विचारली तेव्हा त्यांनी माळ्यावरून एक लांबट रजिस्टर काढलं. प्रत्येक फिल्मला क्रमांक, तारीख, प्रसंग, फ्रेम किती. माझ्या डोळ्यांना बरं वाटलं. ४१२ समोर लिहिलं होतं: ‘२२-२-८७, रविवार. फांदीवरची मंडळी, प्रसिद्धी. फ्रेम १२.’

पाकीटही निघालं. त्यांनी निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटपुढे धरली आणि मी वाकून बघितलं. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. पाच मुखवटे ओळखू आले. पण खार दुसऱ्या बाजूला बघत होती आणि खडू तिच्या उजव्या हातात होता.

“काका, तुम्ही पट्टी उलटी धरलीय.”

“सुलटी आहे. आकडे वाच ना कडेचे.” आकडे सरळ वाचता येत होते. “छापताना उलटी घातली मी. नीलाताईंना नावाची अक्षरं उजव्या कोपऱ्यात पाहिजे होती आणि खार अक्षरांकडे बघताना पाहिजे होती. खार बघत होती डावीकडं. मग निगेटिव्ह पालथी घालायची, चित्र आरशासारखं फिरतं. तेव्हा सगळेच करायचे. अक्षरं नंतर वरून रंगवायची.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मजा वाटली. अशी युक्ती मला माहीत नव्हती. डाव्या हाताचं मनात आलं, पण मी ते पुढे जाऊ दिलं नाही. शाळेत मार खाऊन मुलगी उजव्या हातानेही लिहायची, एखाद्या फोटोत धरला असेल खडू उजव्या हातात. परवानगीपत्रावर सही घेतली, रजिस्टरच्या पानाचा फोटो काढला आणि पीएमपीएमएलच्या बसने परत आले.

मावशी फाटकातच उभ्या होत्या. “सापडला?”

“सापडला. सही पण दिली.”

त्यांनी दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. मग म्हणाल्या, “नावासंगं तिचं जन्मसालबी लिही. आन गेली ते.”

“कधी गेली, मावशी? तारीख?”

“तारीख न्हाई मला ठावं. रथसप्तमीला गेली. दारात बायका हळदीकुंकवाला आल्या व्हत्या, वाणाची ताटं घेऊन. तवापासनं मी रथसप्तमीला दार लावून घेती.”

“आणि साल?”

“ते कुणी ध्यानात ठिवलंय? रोहिदास पाळण्यात व्हता. चार महिन्यांचा.”

जिन्यात रोहिदासदादा भेटले, त्यांना जन्मतारीख विचारली.

“का गं, पत्रिका बघती का काय माझी? दोन पोरांचा बाप हाय मी.” मग सांगितली. नऊ ऑक्टोबर शहाऐंशी.

वर येऊन मी जुनं पंचांग शोधलं. इंटरनेटवर असतात. शके १९०८, माघ शुद्ध सप्तमी: पाच फेब्रुवारी १९८७, गुरुवार.

मी ती तारीख कागदावर लिहिली. खाली रजिस्टरातली लिहिली. बावीस वजा पाच. लॅबमध्ये आकडा विचित्र आला की आम्ही नमुना परत लावतो. मी दुसरं पंचांग उघडलं. मग रोहिदासदादांच्या तारखेपासून परत मोजलं. सतरा दिवसच येत होते. फोटो निघाला तेव्हा जयूला जाऊन सतरा दिवस झाले होते.

मावशींकडे तिथी होती आणि ज्योतीरामांकडे तारीख. अडतीस-एकोणचाळीस वर्षं दोन्ही आपापल्या जागी नीट होत्या. मी त्या एका कागदावर आणल्या.

पुढच्या गुरुवारपर्यंत थांबणं मला जमलं नाही. शनिवारी अर्धी रजा टाकून काळेवाडीला गेले. ज्योतीरामांना म्हटलं, “या बारा फ्रेममध्ये मुखवटे काढलेली एखादी आहे का?”

त्यांनी भिंग दिलं. शेवटची फ्रेम होती. पाचही जण मुखवटे हातात घेऊन हसत होते, केस घामाने कपाळाला चिकटलेले. खारीचा मुखवटा एका मुलाच्या मांडीवर होता. पुढचा एक दात पडलेला. मुलगा.

“हा कोण?”

“कुणास ठाऊक. शेजारच्या चाळीतलं पोर. मूळची जी खार होती ती मुलगी…” बोलता बोलता ते थांबले. मी चढवलेल्या फोटोखालचं नाव त्यांनी पहिल्या दिवशीच वाचलं होतं. “ती वारली होती तेव्हा. नीलाताई रडत होत्या त्या दिवशी. पण वर्तमानपत्राला फोटो सोमवारी द्यायचा होता. मुखवट्याला डोकं पाहिजे होतं.”

मी भिंग खाली ठेवलं.

“एक प्रिंट बाईंनी जास्तीची मागून घेतली होती,” ते म्हणाले. “म्हणाल्या, एका आईला द्यायचीय. मी म्हटलं, बाई, ह्यात तर ती नाही. तर म्हणाल्या, मुखवटा तिचाच आहे ना.” त्यांनी झेरॉक्सच्या मशीनवरची धूळ उगाच पुसली. “तुला काय वाटलं, मी सांगायला पाहिजे होतं? मला काय माहीत, ती माउली अजून तोच घेऊन बसलीय.”

मी विचारलं, त्याच्या आधीचं काही आहे का. तालमीचं, चित्रीकरणाचं. त्यांनी रजिस्टरवर बोट फिरवत नेलं. ३९८: ‘३०-११-८६. नीलाताई, तालीम. फ्रेम ८.’ जयू तेव्हा होती. आणि तालमीत मुखवटे नसतात.

पाकीट सापडलं ते खालच्या खणात. काही वर्षांपूर्वी पवना नदीचं पाणी काळेवाडीत शिरलं होतं, तेव्हा तो खण दोन दिवस पाण्यात होता. दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि कडेने राखाडी बुरशी होती. “ने,” ते म्हणाले. “तू शिकलेली आहेस. सुटल्या तर सुटल्या.”

आता जे झालं ते मी जसं झालं तसंच लिहिते. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी लॅबमध्ये काचेच्या पसरट भांड्यात शुद्ध पाणी घेतलं आणि पट्ट्या त्यात सोडल्या. मला माहीत होतं की चित्र असतं ते जिलेटिनच्या थरात, जिलेटिन पाण्यात फुगतं, फुगलं की चिकटलेले थर सुटतात. हे बरोबर आहे. वीस मिनिटांनी पट्ट्या सुटल्या. मी एक चिमट्याने उचलली. चौथ्या फ्रेममध्ये खिडकीसारखा चौकोन होता आणि त्यापुढे कुणीतरी, दोन वेण्या, वर केलेला हात. कुठला हात ते कळायच्या आत तो थर सायीसारखा घसरला आणि परत पाण्यात पडला. मी भांडं हलवलं नाही. तरीही तो विरत गेला. हातात उरली स्वच्छ पारदर्शक पट्टी. पलीकडच्या टेबलावरची बाटली तिच्यातून आरपार दिसत होती.

बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. अशा निगेटिव्हला पाणी लावायचंच नसतं. हे मी त्यानंतर वाचलं. दहा मिनिटांचं वाचन होतं.

मी दोन दिवस मावशींच्या दारावरून पाय न वाजवता गेले.

परवानगीपत्र माझ्याकडे होतं. ते पाठवलं असतं तर फोटो संग्रहात राहिला असता. कायदा फोटोग्राफरचं नाव विचारतो, तारीख विचारतो, मुखवट्याआड कोण होतं हे विचारत नाही. नाव तसंच ठेवून बावीस फेब्रुवारी लिहिली असती तरी कुणी रथसप्तमी काढून बघणार नव्हतं. पण मला ते दोन आकडे शेजारी दिसत राहिले असते. शिवाय त्या मुलाचं काय? दात पडलेला तो मुलगा आता पंचेचाळीसचा असेल, कुठल्यातरी शिफ्टला जात असेल, आणि त्याच्या फोटोखाली एका मेलेल्या मुलीचं नाव. नाव काढून फोटो ठेवावा, तर मावशी दुसऱ्याच संध्याकाळी विचारणार, नाव कुठं गेलं? आणि खरं सांगावं, तर भिंतीवरचा हार कशाला घालायचा?

मी धम्मरत्नला लिहिलं: “परवानगी मिळू शकली नाही. फोटो काढून टाका.” त्याचं लगेच उत्तर आलं, “अरेरे. अजून थांबू का थोडं?” मी लिहिलं, नको.

बुधवारी कामावरून आले तेव्हा मावशी ओट्यावर गवार निवडत होत्या. मोबाइल त्यांच्या मांडीशी पडला होता.

“स्वप्नाली, जयू दिसंना झाली. रोहिदास म्हनतो नेट न्हाई. गाणी तर वाजत्यात.”

मी त्यांच्या शेजारी बसले. एक शेंग हातात घेतली. “काढला मावशी तो फोटो. कायद्यात बसत नाही.”

“सही दिली म्हनलीस की.”

“सही दिली त्यांनी. भले माणूस आहेत ते. पण मुदत संपल्याशिवाय नाही ठेवता येत.” खोटं बोलताना माझा आवाज लॅबमध्ये अहवाल वाचताना होतो तसा झाला होता.

“कुणाची मुदत?”

“फोटोची.”

त्यांनी शेंगेचा दोर ओढला, शेंग मोडली, टोपलीत टाकली. दुसरी घेतली. “माझ्या पोरीचा फोटो. माझ्या घरात. आन सरकारला काय करायचंय त्यात?” मी हातातली शेंग उलटीपालटी केली. “तुझ्यानं झालं न्हाई म्हन की सरळ. सुशिक्षित मानसं, नुस्ते कागूद.”

“हो,” मी म्हणाले. “माझ्याने नाही झालं.”

एवढं मात्र खरं होतं. बहुतेक त्यांना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण त्यांचा स्वर उतरला. पदराने त्यांनी हात पुसले. आत हॉलमध्ये दिवा लागलेला होता आणि ओट्यावरून तो फोटो दिसत होता. खार, खडू, डावा हात.

“मग कवा संपती ती मुदत?”

साठ वर्षं. फोटो प्रसिद्ध झाला त्या सालाच्या पुढच्या जानेवारीपासून मोजायची. कायद्याच्या नवीन दुरुस्तीप्रमाणे मोजणी फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर सुरू होते आणि ज्योतीराम तर चांगले धडधाकट आहेत, पण ते सगळं मी सांगितलं नाही. “दोन हजार अठ्ठेचाळीस,” मी म्हणाले. “एक जानेवारी.”

त्या बोटांच्या पेरांवर मोजत राहिल्या. एकदा चुकल्या, परत मोजलं.

“मी न्हाई तवा.”

“असं नका बोलू, मावशी.”

“आगं, बोलू नको काय? न्हाईच. नव्वदीच्या पल्याड कोन जगतंय.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू आसशील.”

मी सत्तेचाळीस वर्षांची असेन. मी मान हलवली.

“तवा तू टाक. आन नाव लिही खाली. सारं नाव. रोहिदासवर न्हाई माझा भरवसा, त्याला प्लॉट सोडून काय दिसत न्हाई. तू टाकशील?”

गवारीची टोपली आमच्या मध्ये होती. मी म्हणाले, “टाकीन.”

“आत्ताच लिवून ठिव कुठंतरी. इसरशील.”

मी माझा मोबाइल काढला, दिनदर्शिका उघडली आणि साल पुढे पुढे सरकवत नेलं. बराच वेळ लागला. एक जानेवारीवर बोट ठेवलं आणि त्यांनी सांगितलं तसं नाव टाइप केलं. त्यांनी पडदा जवळ घेऊन प्रत्येक अक्षर वाचलं, ओठ हलवत.

“वार कुठला पडतोय त्या दिवशी?”

“बुधवार.”

“म्हंजे सुट्टी न्हाई तुला,” मावशी म्हणाल्या आणि परत गवारीला लागल्या. “कामावरनं आल्यावर टाक मग.”